पाठ न दाखवणारी बाई

झारको गावात रोझविता पागेल ही बाई एका गोष्टीसाठी एकदम प्रसिद्ध झाली होती. ती कधी कुणाला पाठ दाखवत नसे. पाव घ्यायला खिडकीशी जा, ती तुमच्याकडे तोंड करून उभी. पैसे द्या, तोंड तुमच्याकडेच. तुम्ही निघालात, वळून पाहिलंत, तरी ती हसून तशीच उभी! "किती रीत आहे बाईला," गावातले म्हणायचे. "शहरातल्या दुकानात तर पैसे घेतले की पाठ फिरवतात."

खरी गोष्ट अशी होती की रोझविताच्या पाठीवर काहीच नव्हतं. म्हणजे पाठ होती. पण पाठीवर कापड नव्हतं. आणि पाठीच्या खालीही नव्हतं.

पुढून मात्र ती एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखी सभ्य दिसे. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरा एप्रन, डोक्यावर पांढरी टोपी. खाण्याच्या वस्तू हाताळणाऱ्याने एवढं घातलंच पाहिजे असा सरकारी नियम, म्हणून एवढं. बाकीचं काही घालायचं नाही हा कँपचा नियम, म्हणून बाकीचं नाही. दोन्ही नियम ती मनापासून पाळत होती. समोरून सरकारचा, मागून कँपचा.

हा कँप बाल्टिकच्या किनाऱ्यावर, वाळूच्या टेकड्यांमागे, पाइनच्या झाडांत होता. कुंपणाच्या आत कुणीही कपडे घालत नसे. पोस्टाच्या पेटीपाशी नाही, बुद्धिबळाच्या पटापाशी नाही, नळ दुरुस्त करतानाही नाही. जे घालत त्यांना आत 'कापडवाले' म्हणत. हा शब्द उच्चारताना कँपमधल्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर असा भाव येई, की जणू समोरचा चिखलाचे बूट घालून त्यांच्या गादीवर चढला आहे.

रोझविता एकतिसाव्या वर्षी मॅगडेबुर्गहून नवऱ्याबरोबर इथे आठवड्याच्या सुटीला आली होती. पहिले तीन दिवस ती पोहण्याच्या पोशाखावर बाथरोब, बाथरोबवर टॉवेल आणि टॉवेलवर वर्तमानपत्र अशी बसून राहिली. चौथ्या दिवशी तिला उकडलं. त्यानंतर नवरा गेला (दुसऱ्या बाईबरोबर, आणि तोही पूर्ण कपड्यांत), पण रोझविता राहिली. तिने कँपमधलं पावाचं दुकान चालवायला घेतलं. नव्या येणाऱ्या, लाजऱ्याबुजऱ्या पाहुण्यांना पाव देता देता ती प्रवचन देई. "अहो, शरीराची कसली लाज? लाज ही कापडात असते. कापड काढलं की लाजही खुंटीला!" हे वाक्य तिला स्वतःलाच इतकं आवडे, की कधी कधी दुकानात कुणी नसतानाही ती ते एकदा म्हणून बघे.

आणि आता हीच बाई, वीसेक वर्षं लाज खुंटीला टांगून बसलेली, गावातल्या लोकांसमोर खेकड्यासारखी आडवी चालत होती.

झालं होतं असं. गावातला एकुलता एक पाववाला म्हातारा होऊन मुलीकडे राहायला गेला. गावाला पाव नाही. इकडे कँपमध्ये दरवर्षी माणसं कमी. जुनी मंडळी एकेक करून जात होती, नवी तितकी येत नव्हती. कँपच्या मंडळाचे अध्यक्ष एकबर्ट श्ट्यूबनर यांनी रोझविताला सांगून टाकलं होतं, "एवढ्या गिऱ्हाइकांवर दुकान चालणार नाही. सीझन संपला की बंद." म्हणजे रोझविताने रोस्टॉकला बहिणीकडे जायचं आणि तिच्या सुपरमार्केटमध्ये गल्ल्यावर बसायचं. तिथला गणवेश केशरी, नायलॉनचा आणि गळ्यापर्यंत बटणं लावायचा. त्याच्या नुसत्या आठवणीने रोझविताच्या अंगावर पुरळ उठायचं.

मग तिलाच युक्ती सुचली. दुकानाची मागची भिंत म्हणजेच कँपचं कुंपण, आणि पलीकडे गावाचा रस्ता. त्या भिंतीत एक खिडकी पाडली तर? एका बाजूने कँप पाव घेईल, दुसऱ्या बाजूने गाव.

गावचे सरपंच क्लोप आले. खिडकीची जागा बघितली, टाय नीट केला आणि म्हणाले, "माझी हरकत नाही. सीझनभर चालवून बघू. पण गावाच्या बाजूने नको ते काही दिसता कामा नये. एकदा जरी कुणाला दिसलं, तर दुसऱ्या दिवशी विटा लावून खिडकी बंद. सभेत ठरावच तसा करून घेतलाय मी."

रोझविता एकबर्टकडे गेली. "मी आत नुसती एक चड्डी घातली तर चालेल का हो?"

एकबर्ट सत्तरीचे, उन्हाने तांब्यासारखे झालेले, गळ्यात शिट्टी. शिट्टी सोडून अंगावर काही नाही. ते दुखावल्यासारखे म्हणाले, "चड्डी? आज चड्डी येईल, रोझविता. उद्या विजार येईल. परवा लोक इस्त्री मागतील."

"पण सरपंच म्हणतात..."

"सरपंचांना समोरून दिसू दे एप्रन. आम्हाला मागून दिसू दे तत्त्व."

असं तत्त्व पाठीवर घेऊन रोझविता दोन खिडक्यांच्या मधोमध उभी राहिली. गावच्या खिडकीकडे तोंड, कँपच्या खिडकीकडे पाठ. गावची खिडकी मांडीपर्यंत खाली आलेली, पण पुढे एप्रन, त्यामुळे समोरून सगळं झकास. फक्त पावांची मांडणी होती तिच्या मागे, कँपच्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना. आणि वळायचं नव्हतं.

पहिल्या दिवशी तिने हात मागे नेऊन चाचपून पाव काढले. दुसऱ्या दिवशी तिला आपल्या हाताचा अभिमान वाटायला लागला. गोल आणि गुळगुळीत म्हणजे साधा. लांबट आणि जड म्हणजे काळा. वर खरखरीत लागलं म्हणजे खसखशीचा. आता वर खरखरीत कांद्याचाही लागतो आणि तिळाचाही लागतो, हे तिच्या बोटांना कधीच नीट कळलं नाही. मागून कँपवाले ओरडायचे, "रोझविता, चार साधे!" आणि ती गावाकडे हसून बघत खांद्यावरून मागे चार पाव फेकायची. एकबर्टना एकदा पाव नाकावर लागला. ते म्हणाले, "हल्ली तू आमच्याकडे बघतही नाहीस. कापडवाल्यांत जास्त रमतेस."

"बघत नाही, पण दाखवते तर सगळं तुम्हालाच ना!" ती म्हणाली. एकबर्ट नाक चोळत पाव घेऊन गेले.

रात्री अंथरुणावर पडली की रोझविताला स्वतःचंच हसू यायचं. लाज कापडात असते म्हणे! अगं बये, अंगावर कापड नसूनही तुझी लाज बघ केवढी, गावभर पसरलीय. आणि एवढी कशाची लाज? एका पाठीची! जगात प्रत्येकाला एक आहे.

खिडकीवर सगळ्यात आधी यायच्या त्या मोरडीकबाई. गावच्या शाळेत त्यांनी इतकी वर्षं शिकवलं होतं, की रांगेतले मासे धरणारे, ट्रॅक्टरवाले, सगळे त्यांना बाईच म्हणत. सरपंच क्लोप तर त्यांचे जावई. पण बाईंच्या मुलीशी लग्न करून दुरून, पश्चिमेकडच्या शहरातून आलेला हा टायवाला माणूसही त्यांना 'सासूबाई' न म्हणता 'बाई'च म्हणे, आणि म्हणताना सरळ उभा राही.

बाई रोज तेच घ्यायच्या. दोन खसखशीचे. घरी चेरीच्या मुरंब्याबरोबर.

एका सकाळी बाईंनी पिशवी घेतली नाही. चष्म्यावरून रोझविताकडे बघत त्या म्हणाल्या, "रोझविता, मी पहिल्या दिवसापासून चेरीचा मुरंबा कांद्याच्या पावाला लावून खातेय."

"अगंबाई! खरंच?"

"एखाद्या दिवशी तिळाचा. खसखशीचा एकदाही नाही. वाटलं होतं, सुधारशील. आता जरा वळ, आणि बघून दे."

रांगेतला योर्न, मासेमारीच्या बोटीवरचा, म्हणाला, "मला पण परवा काळ्याऐवजी केक दिला. तक्रार नाही म्हणा."

रोझविताच्या कपाळावर घाम आला. टोपीच्या आत ओल पसरली. "वळता येत नाही हो, बाई."

"का?"

आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "कमरेत उसण भरलीय."

झालं! इथेच चुकली. झारकोत कुणाला सर्दी झाली तर पाच घरांतून सूप येतं. उसण म्हणजे तर सणच. दुसऱ्या दिवशी खिडकीत पावांपेक्षा औषधं जास्त होती. कुणी मोहरीचं तेल, कुणी घोड्याला लावायचं मलम, कुणी लोकरीचा पट्टा. "हा थेट अंगावर बांधायचा बरं का, कपड्याच्या आत," देणारीने बजावलं. रोझविता म्हणाली, "थेट अंगावरच बांधते." निदान एवढं तरी खरं होतं. योर्नने शेकायला एक काळा गुळगुळीत दगड आणून दिला आणि म्हणाला, "माझ्या बापाची उसण यानेच गेली." लोकांचे चेहरे इतके काळजीचे होते, की तिला पाठ सोडाच, तोंडही दाखवावंसं वाटेना.

त्या दिवशी मोरडीकबाई रांगेत नव्हत्या. रोझविताला जरा सुटल्यासारखं वाटलं, तेवढ्यात कँपच्या फाटकाकडून एकबर्टची शिट्टी ऐकू आली. मग त्यांचा आवाज. "बाई, माफ करा, कापडवाल्यांना आत येता येत नाही."

"कापडवाले म्हणजे?"

"म्हणजे... ज्यांनी कपडे घातलेत ते."

"असं होय. हे धर."

मग थोड्या थोड्या वेळाने "हेही धर" असं दोनदा ऐकू आलं. आणि मग एकबर्टचा, ज्यांनी आयुष्यात तत्त्वापुढे कधी मान खाली घातली नव्हती त्या एकबर्टचा, फाटल्यासारखा आवाज. "अहो, टॉवेल तरी आणलाय का? इथे बसायचं झालं तर आपापला टॉवेल लागतो!"

"मी बसायला आले नाही. त्या पोरीची कमर गेलीय, तिला मदत करायला आलेय. आणि तू असा पलीकडे तोंड करून का उभा आहेस? सरळ उभा राहा."

दुकानाचं आतलं दार उघडलं. मोरडीकबाई आत आल्या. अंगावर चष्मा आणि मोत्यांची माळ, एवढंच. वर्गात येतात तशा आल्या, आणि खुंटीवरचा जादा एप्रन घेऊन त्यांनी कमरेला गाठ मारली.

"टोपी?" त्यांनी विचारलं.

रोझविताने जादाची टोपी दिली. बाईंनी तिच्याकडे पुढून पाहिलं, मग तिच्याभोवती एक फेरी मारून मागून पाहिलं, आणि मान हलवली.

"उसण कुठे आहे?"

"बाई, ती... नाहीये."

"माहीत होतं. मी जन्मभर पोरं शिकवलीत. गणिताच्या तासाला पोटात दुखण्याचे सगळे प्रकार मला ओळखू येतात. मग वळत का नव्हतीस?"

रोझविताने आवाज अगदी खाली आणला. "गावाला कळलं असतं ना, की मागे काही नाहीये."

बाई गावच्या खिडकीतून बाहेर वाकल्या आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "योर्न! रोझविता एप्रनच्या मागे काय घालते?"

"काही नाही, बाई," योर्न शाळेतल्यासारखा चटकन म्हणाला.

"तुला कसं माहीत?"

"कँपच्या आत आहे ना ती. आत पँट घालून कोण बसेल?"

रांगेत त्याच्या मागची एक बाई म्हणाली, "आम्ही आपलं कुणी काही बोललो नाही. तीच एवढी लाजत होती बिचारी. म्हणून आम्ही नजर टोपीवरच ठेवायचो."

रोझविताला वाटलं, आता भट्टीत शिरावं आणि आतून झाकण लावून घ्यावं. एवढे दिवस खेकडा होऊन चालली. खांद्यावरून पाव फेकले. घोड्याचं मलम घेतलं! आणि गाव मात्र तिच्या लाजेला जपत होतं. लाजऱ्यांना प्रवचन देणारी ही!

"अगं, हे कुंपण नव्हतं तेव्हा हा सगळा किनारा गावाचाच होता," बाई पाव रचता रचता म्हणाल्या. "आम्ही असेच पोहायचो. मी, शाळेतल्या सगळ्या बाया, टपालवाला, सगळे. मग तुमच्या मंडळाने कुंपण घातलं, शिट्टी आणली. आम्हाला वाटलं, यांना आता आम्ही नकोत. आपल्या पाठी यांच्या पसंतीच्या नसतील."

दाराशी एकबर्ट बाईंचा कोट, स्कर्ट आणि मोजे हातात घेऊन उभे होते. ते एवढंच म्हणाले, "आम्हाला वाटलं, गावाला आम्ही नकोत."

"वाटलं तर विचारायचं असतं," बाई म्हणाल्या. "कोट खुंटीला लाव. चुरगळू नकोस."

तेवढ्यात रांगेत कुजबुज झाली आणि सरपंच क्लोप पुढे आले. टाय, फाइल, सगळं होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार की कँपच्या फाटकापाशी काहीतरी आरडाओरडा झालाय. रोझविताच्या डोळ्यांपुढे सगळं आलं. विटा. बहीण. केशरी नायलॉन, गळ्यापर्यंत बटणं.

"पागेलबाई, इथे काय चाललंय? मला कळलं की..." सरपंच बोलता बोलता थांबले, कारण आतली दुसरी टोपी वर झाली आणि तिच्याखाली त्यांच्या सासूबाई होत्या.

"क्लोप. किती पाव?"

"बाई! तुम्ही... आत?"

"पावाचं विचारतेय."

"दोन साधे," सरपंच सवयीने सरळ उभे राहत म्हणाले.

"बरं." आणि मोरडीकबाई वळल्या. सावकाश, आरामात. मांडणीतल्या पावांकडे बघत, एक दाबून, एक ठेवून, दुसरा घेऊन. सरपंच आधी पांढरे पडले, मग लाल, आणि मग त्यांनी आकाशात एक समुद्रपक्षी शोधला, जो तिथे नव्हता.

बाई परत वळल्या. पिशवी पुढे केली. "ठराव काय केला होतास तू?"

"गावाच्या बाजूने... नको ते काही दिसता कामा नये."

"दिसलं तर?"

"तर खिडकी बंद."

"मग तुला आत्ता काही दिसलं का?"

रांग एक पाऊल पुढे सरकली. सरपंचांच्या डोक्यात काय चाललंय ते सगळ्यांना स्वच्छ कळत होतं. दिसलं म्हणावं, तर सभेत उभं राहून सांगावं लागणार की काय दिसलं. आणि कुणाचं दिसलं. मग कुणीतरी ते लिहून घेणार. मग ते घरी बायकोला कळणार.

"नाही," सरपंच म्हणाले. "काही दिसलं नाही."

"नक्की?"

"मला दिसले ते पाव."

"म्हणजे खिडकी ठीक आहे?"

"ठीक आहे."

"हिवाळ्यातही लागेल. पाव लोक हिवाळ्यातही खातात."

सरपंचांनी टाय सैल केला. "हिवाळ्यातही चालू दे. मी सांगतो सभेत." आणि मग, पिशवीत डोकावून, जरा चाचरत, "बाई, हे साधे आहेत. तुमच्या लेकीला कांद्याचे आवडतात. एक कांद्याचा मिळाला तर..."

"कांद्याचे वरच्या फळीवर आहेत, माझा हात पुरत नाही. रोझविता, तू दे."

आता मात्र सुटका नव्हती. रोझविताने श्वास घेतला. पायांना आडवं चालायची एवढी सवय झाली होती, की सरळ वळायचं कसं तेच ते विसरले होते. एक पाय उचलला, दुसरा त्यात अडकला, टेबलाचा काठ धरला, आणि ती वळली. पूर्ण. साऱ्या झारकोकडे पाठ.

काहीच झालं नाही. ना कुणी किंचाळलं, ना कुणी हसलं. तिने कान टवकारले. मागे योर्न कुणाला तरी सांगत होता की यंदा हेरिंग जाळ्यात येतच नाही. त्याच्या मागची बाई म्हणत होती, तेल महाग झालंय. कुणी तिच्याबद्दल एक शब्द बोललं नाही. आणि रोझविताला आधी हायसं वाटलं आणि मग, खरं सांगायचं तर, थोडा रागच आला. इतके दिवस जिवाचा आटापिटा करून लपवलेली पाठ, आणि तिची एवढीही दखल नाही! तिने कांद्याचा पाव काढला. परत ठेवला. दुसरा काढला. उगीचच तिसऱ्याचा वास घेतला. पाव काढायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ ती तशीच उभी राहिली, की बघा, आता तरी बघा.

"अहो रोझविताबाई," मागून योर्न ओरडला, "आता नुसती पाठच दाखवणार, की पावही देणार?"